गडाचं गाऱ्हाणं

(शताब्दी सप्ताहात पाचव्या दिवशी दुपारी झालेल्या भाषणाचा मजकूर)



पंगती नुकत्याच उठल्यात, जेवण अजून घशाशी आहे, आणि अशा वेळी कीर्तन नाही, भजन नाही, नुसतं भाषण. म्हणजे तुमची परीक्षाच आहे. कुणाला डुलकी आली तर खुशाल घ्या. मुक्कामावर शेजारच्या तंबूत टाळ वाजत असताना झोपायची सवय आपल्याला आहेच.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. दिंडीतलीच सात-आठ जणं. एक रेल्वेत, दोघं कारखान्यात, एक शाळेत शिकवणारी ताई, एक गवंडीकाम करणारे काका आणि बाकीची कॉलेजातली पोरं. बोलायला एकजण उभा असला तरी जे सांगतोय ते सगळ्यांनी बसून ठरवलेलं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतोय.

शताब्दीची पहिली बैठक झाली तेव्हा चंदेरीचा विषय निघाला. गुहेतल्या महादेवासमोर फरशी बसवायची, आत रंग द्यायचा, तोंडाशी स्टीलचा कठडा करायचा आणि ग्रॅनाइटच्या पाटीवर देणगीदारांची नावं घालायची, असं बोलणं झालं. भावना निर्मळ होती. शंभर वर्षं आपली दिंडी ज्या डोंगराकडे पाहून पंढरीची वाट धरते, त्या डोंगरासाठी हातून काही घडावं, यात वावगं काय? वर्गणीही जमू लागली. आम्हाला टेप दिली आणि सांगितलं, वर जाऊन मोजून या, किती चौरस फूट फरशी लागेल ते.

आम्ही मोजून आलो. आकडा वहीत आहे. पण तो आज वाचून दाखवणार नाही. ती फरशी बसवू नये, हे सांगायला आम्ही उभे आहोत. काल्याच्या दिवशी निर्णय व्हायचा आहे, त्याआधी आमचं ऐकून घ्या. पटलं नाही तर वही समितीच्या हवाली करू, आकड्यासकट.

चंदेरी काही कुणाला नवी नाही. बदलापुराहून कर्जतच्या गाडीत बसलं की उजव्या हाताला रांग सुरू होते. मलंगगड मागे पडतो, मग ताहुली, मग चंदेरीचा तो उभा सुळका, पुढे म्हैसमाळ, नाखिंद, पेब आणि पार माथेरानपर्यंत एकच भिंत. घोडे बदलायची जागा म्हणून बदलापूर, अशी गोष्ट आपण पोरांना सांगतो. ती खरी मानली तर त्या घोड्यांवर नजर ठेवणारा पहारेकरी या डोंगरावरच बसलेला असणार. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या शिवेवरचा हा गड. इथून उल्हासचं खोरंही दिसतं आणि पनवेलच्या अंगाचा मुलूखही. शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली ती उगाच नाही. बंदरांवरून घाटावर जाणाऱ्या वाटा या डोंगरांच्या पायथ्यातून जात होत्या.

गड म्हटला की आपल्याला बुरूज, दरवाजे, वाडे आठवतात. चंदेरीवर तसं काही नाही. वांगणीला उतरायचं, चिंचवलीपर्यंत जायचं, तिथून पायवाट. धबधब्याच्या अंगाने पठारावर, मग खिंडीकडे नेणारी घसाऱ्याची चढण. ती चढताना पायाखालचा दगड आपल्या आधी खाली पोहोचतो. वर गुहा. तिच्यात महादेवाची पिंड. आठ-दहा माणसं कशीबशी आडवी होतील एवढी जागा. जवळ कातळात खोदलेलं टाकं, तटबंदीची थोडी रचाई. पुढे सुळका, आणि त्याच्या माथ्यावर शिवछत्रपतींची मूर्ती. तिथे जाणं येरागबाळ्याचं काम नाही आणि आमच्यातले सगळे गेलेही नाहीत, हे खरं सांगतो. एवढंच आहे. आणि एवढंच आहे म्हणूनच जपायला हवं. रायगडावरून चार दगड हलले तर निदान कुणाच्या तरी लक्षात येईल. इथे होतेच चार दगड.

टेप घेऊन गेलो त्या दिवशी पायथ्याच्या ठाकरवाडीतले एक आजोबा वाट दाखवायला आले. वय विचारलं तर हसले. आमची पोरं गुहेत लांबी-रुंदी घेत होती, वही भरत होती. आजोबा बाहेर दगडावर बसून बिडी ओढत बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पावसात आत पानी कुठून येतं, ते बघितलं का?" नव्हतं बघितलं. मार्गशीर्ष होता, सगळं खडखडीत कोरडं. मग ते उठले आणि हाताने दाखवत गेले. ही रेघ, इथून झिरपतं. इथून जमिनीवर येतं. या उताराने बाहेर जातं. जमिनीचा तो खडबडीत उतार आम्हाला ओबडधोबड वाटला होता, फरशी टाकून सपाट करायचा होता. तो उतारच पाणी बाहेर काढत होता. गवंडीकाकांनी टेप गुंडाळली आणि म्हणाले, "फरशी टाकली तर पहिल्या पावसात महादेव पाण्यात बसंल." त्या दिवसापासून आमचं मोजमाप बदललं.

माऊलींच्या सोहळ्यातली समाजआरती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. तळावर दिंड्या जमतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो आणि चोपदार चोप उंचावतात. लाखाचा समाज गप्प होतो. पण ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, ती टाळ थांबवत नाही. एकट्या तिचाच टाळ वाजत राहतो. मग चोपदार तिकडे जातात, विचारतात, ऐकून घेतात, निवाडा होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावं पुकारतात आणि आरती होते. जगात कुठल्या सभेत अशी सोय असेल, आम्हाला ठाऊक नाही. तक्रार ऐकल्याशिवाय आरती नाही.

गडाला टाळ नाही एवढंच. त्याचं गाऱ्हाणं कानाने ऐकू येत नाही, ते वर्षभर जाऊन बघावं लागतं. आम्ही तेच केलं. पुस्तकी भाषेत याला पाहणी म्हणतात, स्थिती-अहवाल म्हणतात. आमच्या दृष्टीने ते चोपदाराचं काम आहे: आधी ऐकून घ्यायचं, मग बोलायचं.

आता थोडा इतिहास, फार नाही. या गडांची एकेक करून पाहणी कुणी केली असेल? इंग्रजांनी. पेशवाई बुडाली त्याच साली, १८१८ मध्ये, कॅप्टन डिकिन्सन नावाचा त्यांचा एक अधिकारी कोकणातले किल्ले बघत फिरला. तट किती उंच, पाणी किती, वाट कशी, दरवाजा कुठे, सगळं लिहून ठेवलं. कशासाठी? कुठला गड मोडून टाकायचा आणि कुठला ठेवायचा हे ठरवायला. पुढे १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं, त्यात किल्ल्यांची जी वर्णनं आहेत त्यांना डिकिन्सनच्या त्या कागदांचाच आधार आहे. सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या पायऱ्या त्या काळात सुरुंगाने उडवल्या गेल्या. पलीकडच्या मलंगगडाचं उदाहरण त्यांच्या डोक्यात असणारच. १७८० मध्ये कॅप्टन अ‍ॅबिंग्टनने त्याला वेढा घातला, खालची माची घेतली, पण वरचा बालेकिल्ला मराठ्यांनी दिला नाही. अशा जागा शाबूत ठेवणं परवडणारं नव्हतं.

म्हणजे मोडायला आलेला माणूससुद्धा आधी बघून, मोजून, लिहून गेला. आणि आपण सांभाळायला निघालो तर न बघता थेट फरशीचा भाव काढतो. हे आम्हाला फार लागलं.

तर पाहणीत काय केलं? महिन्यातून एक रविवार जायचं ठरवलं. दर खेपेला त्याच जागी उभं राहून तेच फोटो. भेगेजवळ रुपयाचं नाणं धरायचं, म्हणजे भेग रुंदावते की नाही हे पुढच्या फोटोशी लावून बघता येतं. काकांना भेगेवर काचेची पट्टी बसवायची होती. जुनी युक्ती आहे, भेग हलली की काच तडकते. पण गडाच्या दगडाला काहीही चिकटवायचं तर परवानगी हवी, म्हणून तूर्त नाण्यावर भागवलं. टाक्यात पाणी किती, गाळ किती, त्यावर शेवाळ कधी धरतं. कातळाच्या फटीत पिंपळ-उंबराची रोपं कुठे रुजली आहेत. आज बोटाएवढं मूळ आहे ते वीस वर्षांनी पहारीचं काम करतं. वाट कुठे रुंदावली, कुठे नव्याने फुटली. माणसं मळलेली वाट सोडून आडवी चढतात, कारवी तुडवली जाते, मग माती सुटते आणि पावसात अख्खा उतार खाली येतो. कारवी सात वर्षांनी फुलते, हे आपल्याला माहीत आहे. बाकीची सहा वर्षं ती डोंगर धरून ठेवते, हे आम्हालाही वर जाऊनच कळलं.

हा सगळा काळा कातळ लाव्हाचा आहे, थरावर थर. थर सारखे नाहीत. एखादा पोलादासारखा, तर दोन थरांच्या मधला मातकट, भुसभुशीत. पाणी त्या मधल्या थरात शिरतं आणि वरचा टणक भाग अधांतरी होतो. कठडा बसवायला ड्रिल मारायचं, ते नेमकं कड्याच्या काठावर. काठ आधीच पोकळ असेल तर? कठड्याला टेकून सेल्फी काढणारा माणूस कठड्यासकट जाईल. आम्ही घाबरवत नाही. एवढंच म्हणतो की तो कातळ कसा आहे, हे भूशास्त्र जाणणाऱ्या माणसाने सांगितल्याशिवाय तिथे भोक पाडू नये.

एक नोंद मात्र आमच्या वहीत राहून गेली, ती आषाढाची. आषाढात आपण वाटेवर असतो आणि गड इकडे एकटा भिजत असतो. तेव्हा वर जाणं धोक्याचंही आहे. पावसाळ्यात या रांगेत माणसं अडकतात, जखमी होतात, आणि दोरखंड घेऊन त्यांना शोधायला पहिली धावतात ती पायथ्याची पोरं. ती नोंद वाडीतल्या एका पोराने केली. आपण लोणंद-फलटणच्या बाजूला असताना याने मोबाईलवर गुहेतलं पाणी टिपून ठेवलं. आजोबांनी बोटाने दाखवलेली रेघ आणि फोटोतली ओल एकाच जागी निघाली. तो फोटो मंडपाच्या दाराशी लावलाय, जाताना जरूर पाहा.

यावरून एक कबुली द्यायची आहे. दिंडीच्या व्यासपीठावर लपवाछपवी नको. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्याच काहींनी एका गावी मारुतीच्या जुन्या दगडी देवळाचा 'जीर्णोद्धार' केला. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, आमची होती. दगडाला ऑइलपेंट मारला, केशरी आणि पांढरा, झकास दिसला. दोन पावसाळे गेले आणि रंगाला फोड आले. खरवडला तर रंगाबरोबर दगडाची सालपटं निघाली. दगडात ओल असतेच, तिला बाहेर पडायला वाट लागते. आपण दगडाला प्लास्टिकचा रेनकोट घातला, तोही आतून भिजलेल्या अंगावर. सिमेंटचंही तसंच. जुन्या माणसांनी चुना का वापरला? चुना महिनोन् महिने भिजवून, घाणीत मळून, त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर घालून लावायचे. तो दगडापेक्षा मऊ राहतो. ओल त्याच्यातून सुटते, ताण आला तर तो भेगाळतो आणि दगड वाचतो. सिमेंट दगडापेक्षा हट्टी. त्याच्यापुढे दगड फुटतो.

पण त्याहून वाईट पुढेच आहे. देवळाच्या बाजूला एक उभा दगड होता. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी, खाली चित्र. आम्ही नवा ओटा बांधताना तो शोभेला म्हणून कॉंक्रीटमध्ये उभा केला. निम्मा आत. नंतर एका जाणकाराने पाहिलं आणि डोक्याला हात लावला. तो गधेगाळ होता, शिलाहारांच्या काळात दान दिलेल्या जमिनीचा शापदगड. दान कुणी दिलं, कुणाला दिलं, ते सांगणाऱ्या ओळींपैकी खालच्या ओळी आता कॉंक्रीटच्या पोटात आहेत. काढायला जावं तर दगड तुटेल. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचं वय आपण छातीठोकपणे सांगतो, शके ९८२, म्हणजे १०६० साल. कशावरून सांगतो? उत्तरेच्या दारावर कोरलेल्या लेखावरून. त्या लेखावर आमच्यासारख्या भक्तांनी वेळेत ऑइलपेंट फासला असता तर आज मामवाणी राजाचं नाव कुणाला कळलं असतं?

इथे काही मंडळी म्हणतील, आणि म्हणालीच आहेत, की तुम्ही देवाधर्माच्या कामात आडवे येता. देवाला फरशी नको, रंग नको, मग भक्तांनी करायचं काय? यावर आम्ही आमचं डोकं चालवत नाही. थेट पंढरपूरला जाऊ.

२०२४ च्या १५ मार्चपासून विठुरायाचं पदस्पर्श दर्शन बंद होतं. आपल्यातल्या किती जणांचा जीव तेव्हा कासावीस झाला होता, आठवा. चैत्री वारीला जाऊन पायांवर डोकं न ठेवता परत आलेली माणसं या मंडपात बसलेली आहेत. २ जूनला दर्शन पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात आत काय चाललं होतं? पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं बसवत आलेल्या गोष्टी काढण्याचं काम. फरशी काढली, मार्बल-ग्रॅनाइट काढलं, गाभाऱ्यातली चांदीसुद्धा उतरवली. आत मूळचा काळा दगड निघाला. आणि मे महिन्याच्या अखेरीस हनुमान दरवाज्याजवळ फरशीखाली तळघर सापडलं, आत जुन्या मूर्ती होत्या. इतकी वर्षं आपण त्यांच्यावरून चालत दर्शनाला जात होतो.

त्यानंतर पहिल्यांदा दर्शन घेतलेल्या आपल्या एका आजी म्हणाल्या होत्या, "आता देव आपल्या घरातला वाटतो." मग आम्ही विचारतो, प्रत्यक्ष पांडुरंगाच्या राउळातली फरशी ज्या काळात काढली, त्याच काळात आपण डोंगर चढून महादेवाच्या गुहेत नवी बसवायची का? आज बसवायला देणगी आणि तीस-चाळीस वर्षांनी काढायला दुसरी देणगी?

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण समितीतल्या वकीलकाकांनी बजावलं आहे. डोंगरावरचं रान वनखात्याकडे, आणि वनजमिनीवर बांधकाम करायचं तर १९८० चा वनसंवर्धनाचा कायदा आहे. जुन्या वास्तूंसाठी राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. उद्या टाक्याचा गाळ काढताना एखादं नाणं, मूर्ती, तोफगोळा सापडला तर तो घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवता येत नाही. निखात निधीचा कायदा १८७८ पासून आहे, त्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणून गाळही आपल्या मनाने उपसायचा नाही. समोर खात्याचा माणूस हवा आणि कुठल्या थरात काय निघालं याची नोंद हवी. श्रमदान म्हणजे फावडं घेऊन तुटून पडणं, हा समज आम्हालाही सोडावा लागला. पोरांना ते सगळ्यात जड गेलं.

२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. आपण पेढे वाटले. पण महाराष्ट्रात किल्ले साडेतीनशेच्या वर मोजतात. चंदेरी त्या बारांत नाही आणि कधी असेल असंही नाही. बारांकडे जग बघेल. उरलेल्यांकडे बघायला त्यांच्या पायथ्याची आणि डोळ्यासमोरची माणसंच आहेत. म्हणजे वाडीतली माणसं आणि आपण.

त्यातही वाडीतली आधी, आपण नंतर. हे आम्ही मुद्दाम सांगतो. शहरातली मंडळी गडावर जातात, पायथ्याच्या माणसाला 'वाटाड्या' म्हणतात, दोनशे रुपये हातावर ठेवतात आणि वर आपल्या मंडळाचा झेंडा लावून येतात. आम्हीही तसेच गेलो होतो. ठाकर-कातकऱ्यांना त्या डोंगराचं जे ठाऊक आहे ते कुठल्याच गॅझेटिअरात नाही. कुठल्या खोंगळीत उन्हाळ्यात पाणी राहतं, कुठली दरड हलकी आहे, कुठल्या टेपाडाचं काय नाव. आमच्या ताईंनी वाडीतल्या बायकांबरोबर दोन दुपारी बसून जागांची नावं लिहून घेतली. आमच्या वहीत जिथे 'चढण क्रमांक एक' होतं तिथे आता नाव आहे. आम्ही ठरवलंय की ही नावं छापायची तर त्यांना वाचून दाखवून, विचारून. आणि पाहणीच्या फेरीला जो वाडीचा माणूस येईल त्याला दिवसाची मजुरी द्यायची. ते आपल्या हौसेचं बिगारकाम नाही.

आपल्या दिंडीकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. ती कुठल्या ट्रेकिंगच्या मंडळाकडे नाही, ट्रेकवाल्या पोरांनी रागावू नये. ती म्हणजे पाळी. शंभर वर्षं कुणी ना कुणी वीणा उभी ठेवली. एकाने खांद्यावरून उतरवायची ती दुसऱ्याच्या खांद्यावर, जमिनीवर नाही. भिशीला पाणी कुणी आणायचं, तंबू कुणी लावायचा, पहाटे कुणी उठवायचं, हे न बोलता चालतं. हौसेची माणसं दोन वर्षं उत्साहाने गड झाडतात, मग लग्नं होतात, बदल्या होतात, वही हरवते. गडाला उत्साहाचा उपयोग थोडा. त्याला कुणीतरी दर महिन्याला, काही घडलेलं नसतानासुद्धा, जाऊन बघणारं हवं. विणेकऱ्याची पाळी जशी लावतो तशी वहीची पाळी लावता येईल, एवढंच आमचं मागणं आहे.

आणि पैसा? वर्गणी परत करा असं आम्ही म्हणत नाही. पुरातन वास्तूंचं काम जाणणारा एखादा वास्तुविशारद आणि भूशास्त्राचा जाणकार यांना वर न्यायचं, गुहेचा, टाक्याचा, रचाईचा मोजून नकाशा करून घ्यायचा. त्यांचा अहवाल आणि आपल्या वर्षभराच्या नोंदी जोडून वनखातं आणि पुरातत्त्व खातं, दोघांकडे अर्ज करायचा. ते 'हो' म्हणतील तेवढंच करायचं. कदाचित ते म्हणतील, फटीतली रोपं काढा, पाण्याला वाट मोकळी ठेवा, बाकी हात लावू नका. तसं म्हणाले तर तेवढंच. खर्च थोडा येईल, फोटो काढून मिरवण्यासारखं काही उरणार नाही. उरलेल्यातून वाडीतल्या पोरांना दोर, हेल्मेट, प्रथमोपचाराचं सामान आणि ते वापरायचं नीट शिक्षण द्यावं असं आम्ही सुचवतो. पायथ्याशी एक पाटी हवी, साधी. पावसाळ्यात वर जाऊ नका, कातळावर नावं कोरू नका, प्लास्टिक परत न्या. ती पाटीसुद्धा पायथ्याला, गडावर नाही.

राहिला देणगीदारांच्या नावांचा प्रश्न. हा नाजूक आहे, आम्हाला कळतं. काहींनी आईवडिलांच्या नावाने रक्कम दिलीय, दगडावर नाव लागेल या आशेने. त्यांच्याकडे आम्ही घरी जाऊन आलो. दोघांनी ऐकून घेतलं, एकांनी चहा दिला पण ऐकून घेतलं नाही. त्यांचाही हक्क आहे. त्यांना आम्ही एवढंच सुचवलं की नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहू. वही दिंडीबरोबर राहील, दरवर्षी काल्याला वाचली जाईल. डोंगरावरची पाटी माकडं आणि ऊन वाचणार. दिंडीत वाचलं तर नातवंडांच्या कानावर पडेल.

महादेवाची पूजा थांबवा, असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही, कृपा करून तसा अर्थ काढू नये. बेल वाहा, पाणी घाला, शिवरात्रीला भजन करा. फक्त तेलाचे दिवे कातळाला टेकवून लावू नयेत, काजळी खोल बसते. कापूर ताटात जाळावा. हार-नारळाची पिशवी खाली आणावी. वाडीचे आजोबा दर सोमवारी चढतात, पिंडीवर रानफूल ठेवतात आणि उतरतात. त्यांच्या जाण्याने गुहेत काहीही वाढलेलं नाही.

बोलणं लांबलं. महाराजांनी घड्याळाकडे पाहिलेलं दिसलं.

सप्ताह संपल्यावर येणाऱ्या रविवारी पाहणीची फेरी आहे. पहाटेच्या पहिल्या कर्जत गाडीने निघायचं, वांगणीच्या तिकीटघरापाशी जमायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वाडीपर्यंत यावं, तिथेही काम आहे: नावांची यादी बायकांना वाचून दाखवायची आहे, चुकलेलं दुरुस्त करायचं आहे. वर येणाऱ्यांनी तळाला पकड असलेले बूट घालावेत. दोन बाटल्या पाणी, शिदोरी आणि कचऱ्याची रिकामी पिशवी एवढंच सामान. फावडं, रंगाचे डबे, ब्रश कुणीही आणू नयेत. ज्यांनी फरशीचा आग्रह धरला आहे त्यांनी तर अवश्य यावं, आम्ही त्यांना आजोबांच्या शेजारी बसवू. येताना खिशात एक रुपयाचं नाणं ठेवा. मागच्या वेळी आमचं भेगेत पडलं, ते अजून तिथेच आहे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.